इंजिन बंद पडल्यावर घाई कशाची?

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात भेटणारे पाहुणे मला हमखास विचारतात, "कॅप्टन, इंजिन बंद पडलं तर हातात किती सेकंद असतात हो?" भरपूर असतात, असं सांगितलं की त्यांचा विरस होतो. सिनेमात घामाघूम होऊन पटापट बटणं दाबणारा वैमानिक पाहिलेला असतो ना! नोकरीची शेवटची वर्षं मी सिम्युलेटरवर वैमानिकांना शिकवण्यात घालवली. एक इंजिन गेलं म्हणून विमान सहसा पडत नाही. ते पाडायला माणसाची घाई लागते, हे माझं मत तिथे पक्कं झालं.

दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर उडतं, चढतंही. धावपट्टीवर 'व्ही वन' हा वेग ओलांडला की इंजिन गेलं तरी उड्डाण करायचंच, कारण थांबायला धावपट्टी पुरेलच असं नाही. विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाकडे वळू लागतं. ते पायाने रडर दाबून सरळ ठेवायचं, चाकं आत घ्यायची आणि निदान चारशे फूट गाठेपर्यंत इंजिनाच्या एकाही लिव्हरला हात लावायचा नाही. मग एकाने लिव्हरवर हात ठेवून विचारायचं, "नंबर टू?" दुसऱ्याने काटे बघून "कन्फर्म" म्हटलं, तरच लिव्हर मागे. इंधन तोडताना पुन्हा तीच विचारणा. जुने कॅप्टन म्हणायचे, आधी घड्याळाला चावी द्या. कॉकपिटमधली घड्याळं चावीची होती तेव्हाची ही गोष्ट. तेवढा वेळ हात गुंतलेला राही आणि डोकं ताळ्यावर येई.

४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशियाचं एटीआर विमान उडालं. सदोष यंत्रणेमुळे उजव्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याला समांतर वळली आणि त्या बाजूचा जोर गेला. काही सेकंदांतच कॅप्टनने लिव्हर मागे ओढली ती डावीकडची. शेजारचा वैमानिक थांबून पडताळून बघायला सांगत होता. पुढे ते धडधाकट डावं इंजिन बंदच करण्यात आलं. उड्डाणपुलाला पंख घासून विमान कीलुंग नदीत पडलं. ५८ पैकी ४३ जण गेले. इंजिन बिघाड हाताळण्यात हा कॅप्टन कच्चा असल्याच्या नोंदी प्रशिक्षणाच्या कागदांत आधीपासून होत्या! कागद भरला, सही झाली, माणूस पास.

इंग्लंडमध्ये १९८९च्या जानेवारीत केगवर्थला हेच घडलं होतं. नव्या बोइंग ७३७-४०० च्या डाव्या इंजिनाचं पातं तुटलं, वैमानिकांनी उजवं बंद केलं. योगायोगाने धूर आणि थरथर कमी झाली, त्यामुळे आपलं बरोबरच आहे असं त्यांना वाटलं. उजव्या इंजिनात बिघाड असल्याची घोषणा केबिनमध्ये झाली. डावीकडे ठिणग्या उडताना पाहिलेले प्रवासी आणि कर्मचारी गोंधळले, पण कॉकपिटला कोणीच काही कळवलं नाही. उतरायला थोडंच अंतर असताना डावं इंजिनही गेलं. ४७ मृत्यू.

याउलट ४ नोव्हेंबर २०१० ची क्वांटासची ए-३८० घ्या. सिंगापूरहून निघाल्यावर एक इंजिन फुटलं, तुकड्यांनी पंख भेदला, पडद्यावर इशाऱ्यांची रांग लागली. कॅप्टन रिचर्ड द क्रेस्पिनी आणि सहकाऱ्यांनी जवळपास तासभर घिरट्या घालत एकेक चेकलिस्ट संपवली, मगच विमान उतरवलं. सर्व ४६९ जण सुखरूप. खाली बसलेल्या एखाद्या वाहिनीने त्या तासाला 'जीव टांगणीला' म्हटलं असतं. मला त्या तासाची गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला आवडायची.

मग आपण वैमानिकाची परीक्षा कशी घेतो? दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवतो आणि बहुतेक वेळा 'व्ही वन'लाच इंजिन मारतो. विद्यार्थी पाय रोखूनच बसलेला असतो. घरून ठरवून आलेलं उत्तर तो देतो. तैपेई आणि केगवर्थ या दोन्ही ठिकाणी बिघाड झाला तो विमान हवेत गेल्यावर, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. सिम्युलेटरचा तास महाग असल्याने कंपनीचा हिशेबनीस ठरलेल्या यादीपलीकडे काही करू देत नाही, हे मी पाहिलंय. विमान वाहतूक महासंचालनालयाने यादीतला निदान एक बिघाड परीक्षकाच्या मर्जीवर सोडावा. गुण देताना किती लवकर उत्तर आलं ते बघू नये. "कन्फर्म" येण्याआधी ज्याचा हात लिव्हर ओढतो, त्याला बाकी सगळं अचूक असलं तरी पुन्हा बसवावं. वर्षातून एकदा केबिनमधल्या कर्मचाऱ्यांनाही त्याच सत्रात घ्यावं आणि खिडकीतून दिसलेलं इंटरकॉमवर सांगायला लावावं, कॅप्टनची घोषणा त्याच्या उलट असली तरी.