वाण आणि वानवा

शहरांतील गच्च्यांवर आता मेथी-कोथिंबिरीच्या जोडीला लेट्यूसही रुजू लागले आहे. या हौसेचे आम्हांला कौतुकच आहे. आम्हीही तिचे वाटेकरी आहोत. परंतु पाने खुडून खाल्ली की बाग पुरी झाली, आणि पुढल्या वर्षी नवे पाकीट आणले की पुन्हा सुरू झाली, ही समजूत आम्हांला अपुरी वाटते. अशा बागेत भाजी आपली असते, बी मात्र परक्याचे.

लेट्यूसचेच पाहा. थंडीभर हे रोप निमूटपणे पाने देते. फाल्गुनातले ऊन चढले की मधून दांडा उंच जातो, पाने कडू होतात आणि रोप वाया गेले असे समजून बहुतेक जण ते उपटून टाकतात. वस्तुतः रोपाचे खरे काम तेव्हाच सुरू झालेले असते. बारीक पिवळी फुले येतात, बहुधा स्वतःच्याच परागाने फळतात, आणि दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या म्हाताऱ्यांसह बी तयार होते. एका दांड्यावर शेकडो बिया मिळतात. त्या कार्तिकात मातीवर नुसत्या भुरभुरवाव्यात. खोल पुरू नयेत. या बीला उगवण्यासाठी उजेड लागतो, आणि ३० अंशांच्या वर उष्मा गेला तर ते बहुधा निजूनच राहते.

सर्वच भाज्या इतक्या सरळ नाहीत. वाल, चवळी, टोमॅटो आपले वाण बरेचसे राखतात. दुधी-भोपळ्यावर मात्र शेजारच्या वेलाचा पराग मधमाश्या आणि पतंग आणून टाकतात. तेथे मादीफूल उमलण्याआधी बांधून ठेवून हाताने परागण करावे लागते. संकरित बियाण्याची पुढली पिढी तर मूळ गुणांची राहतच नाही. म्हणून आरंभ देशी, सरळ वाणापासूनच करायला हवा.

संकरित बियाण्याने उत्पन्न वाढते, हा आक्षेप आम्ही नाकारीत नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्या शेतकऱ्याला वाण राखण्याचा उपदेश करण्याचा आमचा अधिकारही नाही. पण म्हणूनच प्रश्न आपल्याकडे वळतो. दोन वांगी कमी आली तर आपली चूल विझणार नाही. ज्यांना धोका सर्वांत कमी, त्यांनीच हे काम टाळावे आणि ते अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्यासारख्यांवर सोपवावे, यात कसला न्याय? शाळेत न गेलेल्या या बाईंनी शेकडो गावरान वाण जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या आणि बाजारातून पाकीट आणले.

आपल्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. पण हक्क कागदावर टिकतो. बी मात्र पेरल्यावाचून टिकत नाही. डब्यात ठेवलेले बी वर्षागणिक क्षीण होत जाते.

मराठीत 'वाण' म्हणजे जात, आणि 'वाण' म्हणजे संक्रांतीला लुटायची वस्तूही. प्लॅस्टिकच्या डब्या-वाट्या पुष्कळ लुटून झाल्या. येत्या संक्रांतीला राखेत घोळवलेल्या वालाच्या चार बिया कागदाच्या पुडीत बांधून दिल्या तर? दोन्ही अर्थ एका पुडीत येतील, आणि त्या वाणाची वानवा होणार नाही.