काउंटर कुणाच्या खात्यात?

इमारत पूर्ण कधी होते? स्लॅब पडला, प्लास्टर झालं, रंग लागला की आपण सिव्हिलवाले हात झटकून मोकळे होतो. माझंही मत तसंच होतं. पण गेल्या उन्हाळ्यात बाबांबरोबर खामगावच्या एका व्यापारी संकुलात महिनाभर राबलो आणि हे मत बदललं.

बाबा सुतारकाम करतात. संकुलाच्या पहिल्या मजल्यावर एक ऑफिस थाटलं जात होतं. तिथलं दर्शनी काउंटर बाबांनी केलं. बारा फूट लांब, वर ग्रॅनाइट, खाली प्लायची कपाटं, विटांच्या अर्ध्या भिंतीला पक्कं बसवलेलं. काम सांगितलं बांधकामाच्या सुपरवायझरने, नकाशा दिला फर्निचर पुरवणाऱ्याने. बिलाची वेळ आली तेव्हा बांधकामाचा ठेकेदार म्हणाला, "हे तर फर्निचर आहे, माझ्या बिलात बसत नाही." फर्निचरवाला म्हणाला, "भिंतीला बसवलंय ना? मग बांधकामच ते. माझ्याकडे फक्त टेबल-खुर्च्या." मालकाने दोघांकडे बोट दाखवलं. एस्टिमेटची शेवटची ओळ होती, 'फर्निचर व इतर कामे, एकरकमी'. त्या 'इतर'मध्ये बाबांचे पैसे चार महिने अडकले. बाबा एवढंच म्हणाले, "लेका, तुह्या पुस्तकात काउंटर कोठी लिवलं हाय, ते मले एक डाव दाखव."

मी शोधलं. सापडलं नाही! वीटकाम घनमीटरमध्ये, प्लास्टर चौरस मीटरमध्ये, सळई किलोत, हे आपल्याला तोंडपाठ असतं. मोजमापासाठी आय.एस. १२०० आहे, सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची आहे. आणि ज्या खुर्चीवर माणूस दिवसाचे आठ तास बसणार, ती मात्र आपल्या सबमिशनमध्ये 'लमसम'! एकरकमी या शब्दाइतका आळशी शब्द आपल्या एस्टिमेटमध्ये दुसरा नसेल.

बाहेर या प्रश्नाचा विचार झालेला आहे. अमेरिकेतल्या कन्स्ट्रक्शन स्पेसिफिकेशन्स इन्स्टिट्यूटची 'मास्टरफॉर्मॅट' नावाची एक यादी आहे. बांधकामातल्या प्रत्येक गोष्टीला तीत क्रमांक असतो. २००४ मध्ये तिचे विभाग १६ वरून ५० झाले. त्यातला बारावा विभाग फर्निशिंग्जचा. पडदे, ब्लाइंड्स, सुटं फर्निचर, सभागृहाच्या खुर्च्या, अगदी दारातली पायपुसणीसुद्धा त्यात येतात. गंमत पुढे आहे. जमिनीला चिकटवलेला गालिचा नवव्या विभागात, म्हणजे फिनिशेसमध्ये. नुसता अंथरलेला गालिचा बाराव्यात. सुताराने मापाप्रमाणे घडवलेलं लाकडी कपाट सहाव्यात. कारखान्यातून तयार आलेलं बाराव्यात. म्हणजे वस्तू काय आहे एवढंच बघायचं नाही, ती कोण करतो आणि इमारतीला कशी जोडली जाते, हेही बघायचं. या हिशेबाने बाबांचं काउंटर सहाव्या विभागात जातं आणि त्यावरचा ग्रॅनाइट बाराव्यात! तेव्हा ही यादी जशीच्या तशी उचलून आपलं भागेल असं मी म्हणत नाही. पण काम सुरू होण्याआधी प्रत्येक वस्तूला एक घर हवं, हे तिच्यातून शिकण्यासारखं आहे.

घर मिळालं की दुसरा प्रश्न, वर्णनाचा. 'उत्तम प्रतीचे प्लायवूड' म्हणजे काय? दुकानदाराचं उत्तम वेगळं, सुताराचं वेगळं. आय.एस. ३०३ च्या प्लायमध्ये एम.आर. म्हणजे दमटपणा सोसणारी आणि बी.डब्ल्यू.आर. म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारी अशा प्रती आहेत, त्यावर आय.एस. ७१० ची मरीन प्लाय. भावात फरक पडतो, म्हणून न लिहिलेल्या ठिकाणी हमखास स्वस्त माल लागतो. आता काउंटरचा खालचा भाग आठवा. रोज सकाळी फरशी पुसताना तिथे पाणी लागणारच. एम.आर. प्लाय तिथे काही काळाने फुगते, पापुद्रे सुटतात आणि नाव सुताराचं खराब होतं. 'जमिनीपासून सहा इंचांपर्यंत बी.डब्ल्यू.आर. प्लाय, कडा पूर्ण बंद' एवढी एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

खुर्च्यांचंही तसंच. ऑफिसच्या खुर्च्यांसाठी २०२२ मध्ये आय.एस. १७६३१ हे मानक आलं आहे. तरीही आपण 'अमुक कंपनीची किंवा तत्सम' असं लिहून सुटतो. तत्सम कोण ठरवणार? वजन किती पेललं पाहिजे, कापड कोणतं, चाक तुटलं तर ते आपल्या गावात मिळेल का, हे लिहा. नुसतं कंपनीचं नाव लिहिलं तर गावातला कारागीर आधीच बाद होतो. गुणधर्म लिहिले तर तोही दर भरू शकतो. मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आणि हा नुसता पैशांचा खेळ नाही. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिल्सच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागली आणि १४ माणसं गेली. हुक्क्याच्या निखाऱ्यांच्या ठिणग्या पडद्यांसारख्या ज्वलनशील सजावटीवर पडल्या असाव्यात, असं अग्निशमन दलाच्या अहवालात म्हटलं होतं. सार्वजनिक जागेतले पडदे सहज पेट घेऊ नयेत यासाठी आय.एस. १५७४१ हे मानक त्याच्या दहा वर्षं आधीपासून आहे. पण पडदा जर 'इतर'मध्ये असेल, तर ते उघडून बघणार कोण?

काही मित्र म्हणतात, "हे इंटिरियर डिझायनरचं काम, आपण कशाला डोकं घालायचं?" मुंबई-पुण्यात ठीक आहे. पण आपल्या चिखली, मलकापूर, मेहकरात किती कामांवर वेगळा डिझायनर असतो? इथे नकाशा, एस्टिमेट, देखरेख सगळं एकाच इंजिनिअरच्या गळ्यात पडतं. शेगावच्या भक्तनिवासांचा विचार करा. शेकडो खोल्या! तिथे एका पलंगाच्या वर्णनात चूक झाली तर ती शेकडो वेळा होणार.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये 'फर्निचर एल.एस.' ही ओळ बंद करावी. त्याऐवजी एक पानाचा तक्ता जोडावा: वस्तू, पक्की की सुटी, कोण पुरवणार, कोण बसवणार, साहित्याची प्रत, मोजण्याचं एकक. 'पक्की की सुटी' हा रकाना जी.एस.टी.लाही उपयोगी पडतो, कारण सुट्या फर्निचरवरच्या कराची वजावट व्यावसायिकाला साधारणपणे मिळते, पण स्थावर इमारतीच्या बांधकामावरची सहसा मिळत नाही.

असो. बाबांना पैसे मिळाले, पण थोडे कापूनच. यंदाच्या माझ्या प्रोजेक्टमध्ये एक छोटं व्यापारी संकुल आहे. त्याच्या तक्त्यात पहिल्या क्रमांकावर मी काउंटर लिहिलंय आणि ते पान बाबांना दाखवलंय. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "अन् याचे बिजागरे कोन्ते, ते काहून नाई लिवले?"

तो रकाना आता वाढवतोय.