मुलीची सायकल घेताना

शाळा सुरू झाली की आठवीच्या वर्गात पहिला विषय निघतो तो सायकलचा. मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत आपले सेनगाव येते. शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना त्यातून सायकलसाठी 5,000 रुपये मिळतात. 2022 पूर्वी ही रक्कम 3,500 होती. आता आधी 3,500 खात्यात येतात आणि उरलेले 1,500 सायकल घेतल्याची पावती दिल्यावर. म्हणजे सायकल पालकांनीच निवडायची. आणि तिथेच घाई होते.

लेक रंग आणि टोपली पाहते, अब्बा किंमत पाहतात. जोड कोणीच पाहत नाही. फ्रेमच्या नळ्या जिथे जोडल्या आहेत तिथे बोट फिरवा. वेल्डिंग सलग हवे, रंगाखाली खड्डे किंवा भेग नको. चाक उचलून फिरवा. रिम ब्रेकच्या रबराजवळ डावीउजवीकडे डुलत असेल तर आरे नीट ताणलेले नाहीत. पायडलचा दांडा हातात धरून आडवा हलवा, खडखडला तर ती सायकल घेऊ नका. चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. ओढणी किंवा बुरखा चाकात गेला तर काय होते ते सांगायला नको.

"मोठीच घेऊ, बारावीपर्यंत पुरेल," असे अम्मी म्हणतात. बरोबर नाही. सीटवर बसल्यावर दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत.

मुलांना हल्ली गिअरची, शॉकअपची, जाड टायरची सायकल हवी असते. स्वस्तातल्या अशा सायकली जड असतात आणि त्यांचे सुटे भाग गावात मिळत नाहीत. आमचे मत साधे आहे: जी आपल्या गल्लीतला मिस्त्री दुरुस्त करू शकतो, तीच घ्यावी. आमच्या काळ्या मातीच्या चिखलात आणि बाभळीच्या काट्यांत सायकल बिघडणारच. बिघडलेली सायकल पंधरा दिवस भिंतीला टेकून राहिली, की "एकटीला पायी कशी पाठवू?" हा प्रश्न सुरू होतो आणि मुलगी घरी बसते. तिची दहावी त्या एका फ्रीव्हीलवर अडते.

सायकलचे दुकान किंवा दुरुस्तीचा धंदा करणारे आपले भाऊही बरेच आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी त्याला विचारले. रंग मारून झाकलेला जोड ही तीच ओल आहे.

पक्के बिल घ्या, त्यावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. महिनाभराने मिस्त्रीकडून आरे आणि नट पुन्हा कसून घ्या. नवी सायकल या काळातच सैल होते. आणि हवा भरायचा पंप घरात असू द्या. लेकीला पंक्चर काढायलाही शिकवा, ते अवघड नाही.