घटसर्प : एक नाव, दोन जिवाणू आणि जव्हार-मोखाड्याची गुरे

जव्हार म्हटले की इतिहासप्रेमींना मुकणे घराणे आठवते, सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबल्याची कथा आठवते, जयविलास राजवाडा आठवतो. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, मुलूख ठाणे जिल्ह्यात आला आणि २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. हा झाला माणसांचा इतिहास. जव्हार-मोखाड्याची शेती ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली, त्या डांगी बैलांचा इतिहास फारसा कोणी विचारत नाही.

डांगी जनावर मुसळधार पावसातच घडलेले. त्याच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, त्यामुळे संततधारेतही ते तग धरते. पण पावसाबरोबर येणाऱ्या घटसर्पापुढे ही ढाल चालत नाही. ताप चढतो, लाळ गळते, गळा सुजतो, श्वासाला घरघर लागते. पुष्कळदा एक-दोन दिवसांत सारे आटोपते. आणि हे घडते ते नेमके चिखलणीच्या दिवसांत. जुलैत बैल गेला की आवणी रखडते, आणि भाताचे वर्ष हातचे जाते.

आता या नावाकडे पाहू. मराठीत लहान मुलांच्या डिप्थीरियालाही घटसर्पच म्हणतात. दोन्ही आजारांचे जिवाणू सर्वस्वी वेगळे. साम्य एवढेच, की दोघेही गळा धरतात. नाव ठेवणाऱ्यांनी डोळ्यांना दिसले ते टिपले, आणि ते चुकीचे नव्हते. मात्र उद्या कोणी जुन्या दप्तरात ‘गुरे घटसर्पाने मेली’ अशी ओळ वाचली, तर त्यातून सुजलेला गळा तेवढा कळेल, मारणारा जिवाणू नव्हे.

मारणारा कशाने मारतो, हा प्रश्न तर आणखी पुढचा. मुलांच्या घटसर्पाबाबत १९५१ मध्ये अमेरिकेत फ्रीमन यांनी एक विलक्षण गोष्ट दाखवली : निरुपद्रवी डिप्थीरिया जिवाणूला एका विषाणूची बाधा झाली की तो विष तयार करू लागतो. विषाचे जनुक त्या विषाणूने आणलेले असते. जिवाणू तोच, पण जनुक आले की तो घातकी होतो.

गुरांच्या घटसर्पाचा जिवाणू म्हणजे पाश्चुरेला मल्टोसिडा. लुई पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम केले, त्यावरून त्याच्या कुळाला हे नाव मिळाले. हा जिवाणू धडधाकट गुरांच्या घशातही मुकाट राहतो. त्यामुळे ‘जिवाणू सापडला’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही; कोणता सापडला, हे महत्त्वाचे. आशियातला घटसर्प सहसा ‘बी’ कवचाच्या प्रकारामुळे होतो. २००० साली ऑस्ट्रेलियात बॉइस आणि अॅडलर यांनी या प्रकाराच्या कवचाचे एक जनुक निकामी केले. कवच गेले, आणि उंदरांच्या शरीरातल्या भक्षक पेशींपुढे जिवाणू दुबळा पडला. जनुक परत दिल्यावर त्याचा जोरही परतला. जनुक काढा, परत द्या आणि फरक पाहा, ही कसोटी स्टॅनली फाल्को यांनी १९८८ मध्ये मांडली होती. २००१ मध्ये टाउनसेंड आणि सहकाऱ्यांनी पाचही कवचप्रकार जनुकांवरून ओळखणारी पीसीआर चाचणी दिली.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो : पावसाळ्याआधी लस टोचली की पुरे, मोखाड्याच्या गोठ्याला जनुकांचे काय? आक्षेप वरवर व्यवहारी आहे, पण अपुरा. लस एका ठरावीक प्रकाराविरुद्ध असते. टोचलेला बैल मेला आणि मारणारा प्रकार तपासलाच नाही, तर लस फसली, उशिरा टोचली, की आजारच दुसरा होता, हे कसे ठरवणार? शेतकरी तर सरळ ठरवून टाकतो, की टोचणीने काही होत नाही. पुढच्या मे महिन्यात तो जनावर पुढे करत नाही. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याला उत्तर देणे हे शासनाचे काम आहे.

गुरांच्या जिवाणूंवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा महाराष्ट्राला अपरिचित नाही. इम्पिरियल बॅक्टिरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यातच सुरू झाली. संसर्गजन्य जंतूंसाठी वस्तीपासून दूर जागा हवी म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला गेली. आज औंधला लस तयार होते आणि रोगांचे निदानही होते. प्रश्न आहे तो डोंगरातल्या पाड्यावरून नमुना तिथवर नेण्याचा.

तो नमुना काही नाजूक लागत नाही. फाशी रोगाचा संशय असेल तर जनावर मुळीच उघडू नये. तिथे पशुवैद्यकाने कानाच्या शिरेतून घेतलेला रक्ताचा थेंब पुरतो. एरवी, शव कुजायला लागले असले तरी पायाचे एक नळीचे हाड चालते. आतल्या मज्जेत हा जिवाणू टिकून राहतो. पावसाळ्यात अचानक गेलेल्या प्रत्येक बैलाचे असे एक हाड, पाड्याचे नाव आणि तारीख लिहून, तालुक्याच्या दवाखान्यातून औंधला जायला हवे.