बोटांना ओळखू येणारे बटण

मागच्या रमजाननंतर आमच्या अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, टीव्ही लावणेच सोडले. कोणी लावून दिला तर बघायच्या, नाहीतर तसबीह घेऊन बसून राहायच्या. आम्हाला वाटले, वय झाले, मन लागत नसेल. खरे कारण माझ्या धाकट्या मुलीने सांगितले, ‘‘दादीला नवा रिमोट येत नाही, आणि सारखे सारखे विचारायची तिला लाज वाटते.’’

मला फार वाईट वाटले. कारण टीव्हीला जोडायची ती काडी आम्ही अम्मींसाठीच आणली होती. हरम शरीफचे थेट प्रक्षेपण त्यांना मोठ्या पडद्यावर बघता यावे, एवढाच हेतू होता.

जुन्या केबलच्या रिमोटवर त्यांचे काही अडत नव्हते. बहुतेक जुन्या रिमोटवर 5 च्या बटणावर एक बारीक उंचवटा असतो. तो हाताला लागला की बाकीचे आकडे कुठे आहेत ते न बघता कळते. अम्मी अंधारातही उर्दू बातम्या लावत. नव्या रिमोटवर आकडेच नाहीत. एक गोल कडे, मागे जायचे बटण, घराचे चित्र, माइक, आणि खाली अॅपवाल्यांची त्यांच्या जाहिरातीसाठी दिलेली बटणे. एकदा मगरिबच्या वेळी आवाज कमी करताना त्यांचे बोट त्यातल्याच एका बटणावर पडले आणि नाचगाण्याचा सिनेमा सुरू झाला. पाहुणे बसलेले. त्या दिवसापासून अम्मींनी रिमोटला हात लावला नाही.

त्यात आमच्या अकोल्याचा उन्हाळा. जुन्या शहरात दुपारी लाइट गेली आणि आली की जुना डबा पुन्हा त्याच चॅनलवर यायचा. ही काडी मात्र पहिल्या पानापासून सुरू होते, आणि ते पान दर थोड्या दिवसांनी वेगळे दिसते. पाठ करायचे तरी काय?

शेवटी आम्ही तीन गोष्टी केल्या. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘एचडीएमआय सीईसी’ नावाची सोय असते. काही कंपन्या तिला ‘एनीनेट प्लस’ किंवा ‘सिंपलिंक’ म्हणतात. ती चालू केली, आणि टीव्हीच्या जुन्या, ओळखीच्या रिमोटनेच काडीही चालू लागली. पहिल्या पानावर अम्मींना लागणारे अॅप सगळ्यात पुढे आणले. आणि ओढणीच्या कामातला एक खडा ‘ओके’ बटणावर चिकटवला. आता त्यांचे बोट तो खडा शोधते. चार दिवस मुलीने शेजारी बसून शिकवले, पण रिमोट दादीच्याच हातात ठेवला. हे महत्त्वाचे. आपण हिसकावून ‘‘द्या, मी लावते’’ म्हणतो, तिथेच शिकणे संपते.

हीच अडचण गाडीत आली तर ती फक्त लाजेची राहत नाही. गेल्या महिन्यात लग्नासाठी अमरावतीला निघालो. याच अकोला-अमरावती महामार्गावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता असा गुळगुळीत की वेग कधी वाढला कळत नाही. मागे बसलेल्या अम्मींना गार हवा लागत होती, म्हणून माझे दीर एसी कमी करायला गेले. नव्या गाडीत त्याची चकती नाही, सगळे पडद्यावर. एक पान उघडले, ते चुकले, परत मागे. तेवढ्यात पुढच्या ट्रॅक्टरने ब्रेक मारला. अल्लाहचा शुक्र, वाचलो.

हिशेब करून पाहा. ताशी 80 च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी 44 मीटर पुढे जाते. स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाने 2022 मध्ये चाचणी घेतली. ताशी 110 च्या वेगात चालकांना एसी, रेडिओ अशी साधी कामे करायला सांगितली. 2005 सालच्या, बटणे असलेल्या जुन्या व्होल्व्होमध्ये ती 10 सेकंदांत झाली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या पडद्याच्या गाडीत जवळजवळ 45 सेकंद लागले. तेवढ्या वेळात गाडी सव्वा किलोमीटरहून जास्त गेली होती. म्हणूनच ‘युरो एनकॅप’ ही गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणारी संस्था 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसाठी वेगळी बटणे किंवा दांडे मागते. ते नसतील तर पाच तारे मिळवणे अवघड होते.

म्हणजे दोष अम्मींच्या वयाचा नाही आणि दिरांच्या हुशारीचाही नाही. बटण बोटाला कळते, पडद्याला डोळे द्यावे लागतात. अम्मींचे डोळे थकलेले आहेत आणि चालकाचे डोळे रस्त्यावर हवेत. दोघांनाही ते पडद्याला देता येत नाहीत.

तेव्हा गाडी घ्यायला जाल तेव्हा रंग आणि पडद्याचा आकार नंतर बघा. आधी सीटवर बसून, समोर नजर ठेवून, एसी, वायपर आणि काचेवरची वाफ घालवायचे बटण हाताने सापडते का ते पाहा. गाडी घरात आलेलीच असेल तर एसी, नकाशा, गाणी सगळे निघण्यापूर्वी लावून घ्या. वाटेत बदलायचे असेल तर शेजारच्याला सांगा, नाहीतर बाजूला थांबा. गाडीत बसलेली माणसे चालकाकडे अमानत असतात.

आणि घरात? आईवडील म्हातारे झाले तर त्यांना ‘उफ’ देखील म्हणू नका, ही कुरआनची शिकवण आपण मुलांना पाठ करून घेतो. रिमोटसाठी पाचव्यांदा हाक आल्यावर आपण जो सुस्कारा टाकतो, तो त्या ‘उफ’पेक्षा वेगळा असतो का?

काल इशानंतर अम्मींनी स्वतः हरम शरीफ लावले. मग मला हाक मारली. मी उठले, वाटले पुन्हा अडले. त्या म्हणाल्या, ‘‘काही नाही बेटा, तू पण बस. तवाफ चालू आहे.’’