सरावाचा नमुनाही खरा हवा

आमच्या कापडाच्या धंद्यात नमुन्याला फार किंमत आहे. वीतभर तुकडा पाहून व्यापारी शंभर थानांची ऑर्डर देतो. नमुना एक आणि माल दुसरा निघाला तर तो सौदा जातोच, पण पुढे कित्येक वर्षे त्या बाजारात आपली जबान चालत नाही. आज आम्ही वाचकांपुढे जो विषय मांडत आहोत तो कापडाचा नाही, व्हिडिओ गेमचा आहे. पण मुद्दा नमुन्याचाच आहे.

आमचा एक भाचा पदवी घेऊन घरी बसला होता. गेम बनवणाऱ्या एखाद्या स्टुडिओत मार्केटिंगची नोकरी मिळावी अशी त्याची इच्छा. पण जिथे जावे तिथे अनुभव विचारतात, आणि नोकरीशिवाय अनुभव यायचा कुठून? यावर त्या धंद्यात तोड अशी आहे, की उमेदवाराने स्वतःहून सरावाचे काम तयार करून दाखवावे. गेमची दोन-तीन ओळींची ओळख, अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीचा मजकूर, पत्रकारांना पाठवायचे निवेदन, गेम बाजारात येण्याच्या आठवड्यात रोज काय सांगायचे त्याचा तक्ता. शागीर्दाने आधी चिंधीवर टाके घालून उस्तादाला दाखवावेत, तसेच हे. पद्धत चांगली आहे.

भाच्याने तयार फाइल आणून आमच्या गल्ल्यावर ठेवली. स्टुडिओ आणि गेम दोन्ही त्याने मनाने कल्पिलेले. मुखपृष्ठाच्या चित्रावर ठळक अक्षरे: 'दहा लाख खेळाडूंची पसंती', 'पुरस्कारविजेता'.

आम्ही विचारले, "हे दहा लाख कोणी मोजले?"

तो हसून म्हणाला, "मामू, हा तर नुसता सराव आहे."

इथेच आमचे त्याच्याशी पटले नाही. सराव म्हणजे हाताला वळण लावणे. कोणी विचारणारे नसताना ज्याचा हात खोटा आकडा लिहितो, तो पगार सुरू झाल्यावर आणि वरून तगादा लागल्यावर थांबेल काय?

या धंद्यात असे खपून जाते, हा समजही खरा नाही. संगणकावरील गेम विकणारे 'स्टीम' हे इंटरनेटवरचे मोठे दुकान आहे. तेथे १ सप्टेंबर २०२२ पासून गेमच्या मुख्य चित्रांवर पुरस्कार, परीक्षणातील गुण किंवा सवलत छापण्यास मनाई आहे. म्हणजे भाच्याचे मुखपृष्ठ त्या दुकानात लागलेच नसते. शिवाय २०१५ पासून तेथील नियम असा, की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, गिऱ्हाईक पैसे परत मागू शकते. खळ चढवून जाड केलेले कापड पहिल्या धुण्यात उघडे पडते. इथे ते पहिल्या दोन तासांत पडते.

मोठ्या घराण्यांनाही हे चुकले नाही. 'एलियन्स: कलोनियल मरीन्स' हा गेम २०१३ साली आला. जाहिरातीत दाखवले तसे गेममध्ये नाही, अशी तक्रार ब्रिटनमधील जाहिरात नियंत्रण संस्थेकडे गेली. प्रकाशक 'सेगा'ला ते मान्य करून त्या जाहिरातींखाली खुलासा जोडावा लागला. पोलंडच्या 'सीडी प्रोजेक्ट रेड' स्टुडिओचा 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला. जुन्या यंत्रांवर तो नीट चालेना. त्या यंत्रांवर गेम कसा दिसतो हे आधी दाखवले नाही, याबद्दल कंपनीने माफी मागितली आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवली. 'सोनी'ने तर आपल्या दुकानातून तो काढूनच टाकला. पुढे जून २०२१ मध्ये परत घेतला.

हे सारे भाच्यापुढे ठेवून आम्ही म्हटले, "कल्पनेतला माल सोड. बाजारात आलेला खरा गेम घे, पदरचे पैसे देऊन विकत घे, शेवटपर्यंत खेळ, आणि जे दाखवता येईल तेवढेच लिही."

त्याने पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' स्टुडिओचा २०२० साली आलेला 'राजी' निवडला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा. गेम थोड्या तासांत संपतो. ही उणीव लिहावी की लपवावी, असा त्याला प्रश्न पडला. आम्ही म्हटले, पातळ कापड आपण जाड म्हणून विकतो का? उन्हाळ्याचे म्हणून विकतो. मग त्याने लिहिले, की नोकरी करणाऱ्या माणसाला दोन सुट्टीच्या दिवसांत पूर्ण करता येईल अशी कथा. उणीव लपली नाही आणि गिऱ्हाईकही नेमके सापडले.

आणखी एक गोष्ट त्याच्याकडून करवून घेतली. प्रत्येक पानावर स्पष्ट लिहायला लावले: 'हा सराव आहे, स्टुडिओने दिलेले काम नव्हे.' दुसऱ्याच्या नावाचा शिक्का आपल्या थानावर मारणे ही चोरीच, मग थान कितीही सुबक असो.

नोकरी अजून लागलेली नाही, हे प्रांजळपणे सांगतो. एका स्टुडिओने मुलाखतीला बोलावले. तिथे त्याला एकेका वाक्याबद्दल विचारले, हे कशावरून लिहिले? प्रत्येक वाक्याला त्याच्याकडे उत्तर होते, कारण गेम त्याने स्वतः खेळला होता. पहिली फाइल घेऊन गेला असता तर काय सांगितले असते?

वाचकहो, आपल्या घरातही एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे बसून असे काही करीत असेल. आपल्याला त्यातले कळत नाही म्हणून दूर राहू नका. आपण कापड उलटे करून पाहतो, तशी त्यांची फाइल उलटून पाहा आणि एवढेच विचारा: यातले खरे किती?