खिमा संपला, पट्ट्या उरल्या



वाशिम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या भागांतील आपली अनेक मुले दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकतात आणि अकरावी सायन्सला गेली की पुस्तक एकदम इंग्रजीत येते. रसायनशास्त्रात ‘लिमिटिंग रिएजंट’ हा शब्द दिसताच हुशार मुलगीही म्हणते, “अम्मी, मला नाही जमणार.” खरे तर हे गणित त्या अम्मीला रोज जमते. म्हणून आज ते स्वयंपाकघरातूनच समजून घेऊ.

रमजानमध्ये खिमा समोसे करायचे आहेत. एका समोशाला एक पट्टी आणि 25 ग्रॅम शिजवलेला खिमा लागतो. घरात 50 पट्ट्या आहेत आणि खिमा 1 किलो. किती समोसे होतील? खिमा 40 समोशांना पुरेल. मग तो संपेल आणि 10 पट्ट्या उरतील. जो पदार्थ आधी संपतो आणि पुढचे काम थांबवतो, तोच लिमिटिंग रिएजंट. येथे तो खिमा आहे. वजनाने तो पट्ट्यांपेक्षा जास्त होता, तरीही! मुले नेमकी इथेच फसतात. ज्याचे वजन कमी तोच आधी संपणार, असे धरून चालतात.

आता हिशेबाने 40 समोसे व्हायला हवे होते. तळताना 4 फुटले, ताटात आले 36. म्हणजे 36 भागिले 40, गुणिले 100 : 90 टक्के. यालाच ‘पर्सेंट यील्ड’ म्हणतात. 40 हे कागदावरचे उत्पादन, 36 हे हाती आलेले.

हेच खतांच्या कारखान्यात घडते. रायगड जिल्ह्यातील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात अमोनिया आणि त्यापासून युरिया तयार होतो. अमोनियासाठी 28 किलो नायट्रोजनला 6 किलो हायड्रोजन लागतो आणि 34 किलो अमोनिया मिळतो. समजा, आपण 28 किलो नायट्रोजन आणि 8 किलो हायड्रोजन घेतला. हायड्रोजन हलका, पण 2 किलो तोच उरेल. नायट्रोजन आधी संपेल. कागदावर 34 किलो अमोनिया हवा, प्रत्यक्षात 25.5 किलो मिळाला, तर उत्पादन 75 टक्के. खऱ्या कारखान्यात एका फेरीत साधारण 15 टक्केच वायूंचा अमोनिया होतो. म्हणून उरलेले वायू पुन्हा पुन्हा आत फिरवतात, वाया घालवत नाहीत.

मुलांनी एक लक्षात ठेवावे : उत्तर 100 टक्क्यांच्या वर आले, तर आकडेमोड तपासा. प्रयोगात तसे आले, तर बहुधा पदार्थ ओला राहिला आहे किंवा त्यात दुसरे काही मिसळले आहे.

हा विचार आपल्या शेतालाही लागू पडतो. जर्मन शास्त्रज्ञ स्प्रेंगेल आणि त्यांच्यानंतर लीबिग यांनी एकोणिसाव्या शतकात सांगितले की, पिकाची वाढ सर्वांत कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यावर अडते. आपला जिल्हा सोयाबीनचा. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देतात. जमिनीत कमतरता स्फुरदाची किंवा गंधकाची असेल, तर युरियाची आणखी एक गोणी टाकून काय होणार? पट्ट्या वाढवल्याने समोसे वाढत नाहीत. उलट नायट्रोजन फार झाला तर त्या गाठीच कमी धरतात. पैसे मात्र खिशातून जातात. शेत हे काही बंद भांडे नव्हे, तेथे पाऊस, कीड, बियाणे यांचाही वाटा असतो. तरी काय कमी आहे हे आधी पाहावे, हा नियम तेथेही खरा. माती परीक्षण त्यासाठीच असते. रिसोड तालुक्यातील करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे पेरणीआधी सल्ला घेता येतो.

गणित सोडवताना क्रम असा : समीकरण संतुलित करा, प्रत्येक पदार्थ किती उत्पादन देईल ते वेगवेगळे काढा, त्यातला लहान आकडा खरा माना, मग टक्केवारी काढा.

आज रात्री मुलांना हे द्या : 48 ग्रॅम मॅग्नेशियमला 32 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि 80 ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड मिळते. आपल्याकडे मॅग्नेशियम 24 ग्रॅम, ऑक्सिजन 12 ग्रॅम. प्रत्यक्षात 27 ग्रॅम ऑक्साइड मिळाले. आधी काय संपले? यील्ड किती? ऑक्सिजन आणि 90 टक्के असे उत्तर आले, तर धडा समजला.